पवनी

पवनी : महाराष्ट्र राज्याच्या भंडारा जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण व वैनगंगा नदीकाठचे एक प्राचीन गाव. हे भंडाऱ्याच्या दक्षिणेस सु. ४५ किमी. व नागपूरच्या आग्नेयीस सु. ८० किमी. अंतरावर, नदीच्या उजव्या काठावर वसले आहे. लोकसंख्या वीस हजारांहून थोडी अधिक असून येथे नगरपरिषद आहे. नदीकाठचे घाट व मंदिरे यांमुळे पवनीस ‘विदर्भाची काशी’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. सातवाहनपूर्व काळापासूनचे बौद्ध अवशेष, मध्ययुगीन तटबंदी, उत्तरेस सु. १० किमी.वरील गोसेखुर्द येथील इंदिरासागर जलाशय आणि पश्चिमेस लागून असलेले उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य यांमुळे ते विदर्भातील पर्यटनाचे एक केंद्र बनले आहे. यात्रेकरूंचे गाव ही त्याची ओळख जुनी. जलाशय व जंगल पाहण्यासाठी येणाऱ्यांचे गाव ही ओळख मात्र गेल्या दोन दशकांतील होय. या दोन्ही ओळखी एकाच नदीवर अवलंबून आहेत. ती नदी १९८८ नंतर मुळापासून बदलली असल्याने पवनीचे वर्णन नदीच्या वर्णनापासून वेगळे करता येत नाही.

नदी व परिसर : वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते. प्रथम उत्तरेकडे, मग पूर्वेकडे व शेवटी दक्षिणेकडे असे मोठे वळण घेऊन ती महाराष्ट्रात उतरते. साडेपाचशे किमी.हून अधिक प्रवासानंतर तिचा वर्धा नदीशी संगम होतो व पुढील प्रवाहास प्राणहिता हे नाव मिळते. भंडारा जिल्ह्याचा जवळजवळ सर्व भूभाग तिच्याच खोऱ्यात मोडतो.

जिल्ह्याच्या उत्तर टोकास, तुमसर तालुक्यात, बावनथडी या तिच्या उपनदीच्या काठी बपेरा हे गाव आहे. बावनथडी येथे दोन राज्यांची सीमा आखते. तुमसर–सिहोरा रस्त्याने बालाघाटकडे जाणारा प्रवासी येथेच महाराष्ट्राबाहेर पडतो. बपेऱ्याहून पवनीपर्यंतचा नदीकाठ म्हणजे जिल्ह्याची उत्तर–दक्षिण लांबीच होय. या पट्ट्यात सिहोऱ्याजवळील चांदपूरचा तलाव व टेकडीवरील हनुमान मंदिर, माडगी येथील नदीपात्रातील नृसिंह मंदिर, कारध्याचा पूल, अंभोऱ्याचा संगम, गोसेखुर्दचा जलाशय आणि शेवटी पवनीचे घाट अशी स्थळे ओळीने लागतात. बावनथडीचे पाणी उपसून चांदपूरच्या तलावात सोडणारी सोंड्याटोला उपसा सिंचन योजना व मध्य प्रदेशाबरोबरचा संयुक्त बावनथडी (राजीवसागर) प्रकल्प हेही याच उत्तर भागात आहेत. तलाव, उपसा योजना, बांध आणि धरण यांच्या साखळीतूनच नदी पवनीस पोहोचते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या काठाचे देखणेपण बऱ्याच अंशी माणसाने अडविलेल्या पाण्याचे आहे, हे कळते.

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. गोंड राजवटीच्या काळात व त्यानंतर कोहळी समाजातील शेतकऱ्यांनी येथे हजारो तलाव व बोड्या बांधल्या. मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने रद्द झाल्यावर हे तलाव शासनाकडे आले. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ किंवा संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणतात. हे तलाव गावाच्या धानाच्या बांध्या भिजवीत, जनावरांना पाणी पुरवीत आणि ढिवर समाजास मासळी देत. म्हणजे पाणी अडविणे या भागास नवीन नाही. मात्र तलावाचे पाणी ज्या गावाने अडविले त्याच गावाच्या उपयोगी पडे. मोठ्या धरणाच्या बाबतीत बुडणारी गावे व भिजणारी गावे वेगळी असतात.

हवामान : येथील हवामान विषम आहे. उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडतो. धान हे मुख्य पीक असून पावसाळ्यानंतर लाखोळी, हरभरा, जवस यांसारखी कठाणाची पिके घेतात. मिरचीचेही उत्पादन होते. प्रवासासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. या दिवसांत धुके विरल्यावर नदीपात्र व जलाशय स्वच्छ दिसतात आणि तलावांवर स्थलांतरित बदके उतरलेली असतात. वाघ पाहण्याच्या हेतूने येणारे लोक मात्र एप्रिल–मे महिन्यांतील कडक उन्हाळा पसंत करतात. कारण तेव्हा जंगलातील पाणवठे कमी होऊन वन्य प्राणी ठराविक ठिकाणी येतात. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटनासाठी बंद असते.

इतिहास व पुरातत्त्व : पवनीचे प्राचीनत्व शिलालेख व उत्खनन या दोन्हींनी सिद्ध झाले आहे. भार वंशातील भगदत्त राजाचा शिलालेख येथे सापडला असून तो वा. वि. मिराशी यांनी प्रसिद्ध केला. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या नावाचा छायास्तंभही येथीलच आहे. पश्चिम भारतात सत्ता गाजविणाऱ्या क्षत्रपांशी संबंधित असा पुरावा इतक्या पूर्वेस मिळणे महत्त्वाचे मानले जाते.

नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९–७० मध्ये शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. त्याचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाबाहेरील जगन्नाथ टेकडी व चांडकापूर (सुलेमान टेकडी) या दोन उंचवट्यांखाली विटांचे भव्य स्तूप असल्याचे त्यातून उघड झाले. जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचा व्यास सु. ३८ मी. भरतो. हा आकार सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा आहे. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब व आडवे दगड मिळाले असून त्यांवर कमळे, बोधिवृक्ष, स्तूपपूजा इ. विषय कोरलेले आहेत. दात्यांची नावे देणारे लहान लेख ब्राह्मी लिपीत आहेत. पाच फणांच्या मुचलिंद नागाचे शिल्प विशेष उल्लेखनीय असून त्यावर त्या नागाचे नावही कोरलेले आहे. बुद्धाची मानवी मूर्ती घडविण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वीच्या शिल्पपरंपरेत हे अवशेष मोडतात. भारहूत व सांची यांच्याशी त्यांचे साम्य आढळते.

असे मोठे बौद्ध केंद्र येथे का उभे राहिले, याचे उत्तर पवनीच्या स्थानात शोधावे लागते. नर्मदेच्या खोऱ्यातून व छत्तीसगढाच्या मैदानातून दक्षिणेकडे येणाऱ्या वाटांना वैनगंगा ओलांडणे भाग होते. नदीपलीकडे जाण्याची सोय, सुपीक काठ आणि सभोवतालचे अरण्य या तिन्हींचा लाभ या गावास मिळाला. दात्यांच्या लेखांवरून स्तूपाच्या उभारणीत अनेक व्यक्तींचा हातभार लागल्याचे दिसते. व्यापारउदिमाने संपन्न झालेल्या वस्तीचेच हे लक्षण होय.

मध्ययुगात गावास तटबंदी करण्यात आली. जमिनीकडील बाजूंस मातीचा उंच तट, त्यावर दगडी बांधकाम व बाहेर खंदक आणि उरलेल्या बाजूस नदी अशी तिची रचना होती. तटाचे काही भाग व जवाहर दरवाजा या नावाने ओळखले जाणारे प्रवेशद्वार अद्याप उभे आहे. दरवाजातून आत जाणारा रस्ता जुन्या वस्तीत शिरतो. गावाजवळचा बालसमुद्र हा तलावही जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात येथील मंदिरे व घाट यांना ऊर्जितावस्था आली.

मंदिरे व घाट : वैनगंगेच्या काठी वैजेश्वर मंदिर व त्याखालील घाट हे पवनीचे मुख्य धार्मिक स्थान होय. महाशिवरात्रीस येथे मोठी गर्दी होते. अस्थिविसर्जन व पर्वस्नान यांसाठी आसपासच्या तालुक्यांतून लोक येतात. दिवाण घाट, नीलकंठ, दत्तात्रेय व मुरलीधर यांची मंदिरे अशी अन्य स्थळे जुन्या वस्तीत व काठावर विखुरलेली आहेत. पाच मुखांचा सर्वतोभद्र गणेश हे पवनीचे वैशिष्ट्य असून विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. भंडाऱ्याजवळील मेंढा येथील भृशुंड गणेश हाही त्याच मालिकेतील आहे. त्यामुळे दोन्ही स्थाने एका दिवसात पाहण्याची पद्धत पडली आहे.

पवनीजवळ रुयाड (सिंदपुरी) येथे महासमाधीभूमी या नावाने ओळखला जाणारा आधुनिक महास्तूप आहे. पञ्ञा मेत्ता संघाने जपानी बौद्धांच्या सहकार्याने तो उभारला आहे. फेब्रुवारीत भरणाऱ्या येथील महोत्सवास विदर्भाच्या सर्व भागांतून व मध्य प्रदेश, छत्तीसगढ या राज्यांतूनही लोक येतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप व हा महास्तूप यांमधील काळाचे अंतर मोठे आहे, परंतु डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूर येथे दिलेल्या धम्मदीक्षेनंतर पवनीच्या प्राचीन अवशेषांना केवळ पुराणवस्तूंचे नव्हे, तर जिवंत श्रद्धास्थानाचे स्थान प्राप्त झाले. जगन्नाथ टेकडी पाहण्यास येणाऱ्यांत अभ्यासकांपेक्षा उपासकांची संख्या अधिक असते, ते यामुळेच.

गोसेखुर्द (इंदिरासागर) प्रकल्प : पवनी तालुक्यात गोसे गावाजवळ वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मातीच्या भागासह धरणाची लांबी ११ किमी.हून अधिक असून सांडव्यास ३३ वक्राकार दरवाजे आहेत. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सु. २,५०,८०० हेक्टर क्षेत्रास सिंचनाचा लाभ देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. प्रकल्पाचा मूळ अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. तो पुढे वाढत जाऊन १८,००० कोटी रुपयांवर गेला. केंद्र शासनाने त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला आहे. जलाशयात पाणी साठविण्यास २००८ च्या सुमारास प्रारंभ झाला व पातळी टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली.

जलाशयाचा फुगवटा अंभोऱ्याच्याही वर, भंडारा शहराच्या बाजूस पोहोचतो. त्यामुळे पवनी व भंडारा यांमधील नदी आता नदी न राहता एक लांब, रुंद सरोवर झाली आहे. या पाण्याखाली भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे, त्यांची शेते, मंदिरे, स्मशाने आणि गुरचराईची कुरणे गेली. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी प्रकल्पग्रस्तांनी दीर्घकाळ आंदोलने केली. शासनाने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी सु. १,२०० कोटी रुपयांची विशेष मदत जाहीर केली. नवी गावठाणे आखताना रस्ते, विजेचे खांब व शाळेची इमारत देता येते. परंतु नदीकाठची काळी जमीन व नदीतील उपजीविका देता येत नाही, ही या पुनर्वसनाची मूळ अडचण होती.

उपजीविकेचा प्रश्न विशेषतः ढिवर समाजाच्या संदर्भात स्पष्ट होतो. पूर्वी पाणी ओसरल्यावर नदीच्या वाळूत खड्डे करून, खत घालून टरबूज, डांगर, काकडी व भाजीपाला पिकवीत. या डांगरवाड्या जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत अनेक भूमिहीन कुटुंबांचा आधार होत्या. जलाशयाच्या फुगवट्यात वाळूचे पात्र कायमचे बुडाल्याने त्या भागातील वाड्या संपल्या. वाहत्या उथळ पाण्यात वापरावयाचे जाळे व डोंगा खोल जलाशयात फारसे उपयोगी पडत नाहीत. वाहत्या पाण्यातील माशांच्या जातीही कमी झाल्या. जलाशयात मत्स्यबीज व झिंगे सोडून मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत नवी मासेमारी उभी करण्याचे प्रयत्न झाले आहेत.

पवनी गाव धरणाच्या खालच्या अंगास आहे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. येथील घाटांपुढे वाहणारे पाणी ऋतूपेक्षा धरणाच्या दरवाजांवर अधिक अवलंबून असते. दरवाजे बंद असताना वाळू उघडी पडते व प्रवाह एका बाजूस आकसतो. दरवाजे उघडल्यावर काही तासांत पात्र भरून वाहते. २९ ते ३१ ऑगस्ट २०२० या दिवसांत मध्य प्रदेशातील अतिवृष्टी व संजय सरोवरातून झालेला विसर्ग यांमुळे वैनगंगेस मोठा पूर आला. गोसेखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहर व नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले. पुराचे पुढचे परिणाम चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांनाही भोगावे लागले. नदीपात्रातील वाळूच्या अमर्याद उपशामुळे आणखी एक धोका निर्माण झाला आहे. उपशाने पडलेले खोल खड्डे वरून दिसत नाहीत. स्नानास उतरणाऱ्याने घाटाच्या पायऱ्या सोडून पात्रात पुढे जाऊ नये, हा स्थानिकांचा सल्ला यासाठीच आहे.

पाण्याची प्रत : अंभोऱ्याजवळ वैनगंगेस मिळणारी कन्हान ही नदी नाग नदीचे पाणी घेऊन येते. नाग ही मूळची लहानशी नदी नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेते. पूर्वी हे पाणी पुरात पुढे निघून जाई. जलाशय झाल्यावर ते साचू लागले. उन्हाळ्यात पाण्यास हिरवट रंग व दुर्गंधी येणे, जलपर्णीचे थर पसरणे, मासे मरणे आणि भंडाऱ्यासह काठावरील गावांच्या पिण्याच्या पाण्याविषयी तक्रारी येणे हे प्रकार त्यातून घडले. नाग नदीच्या प्रदूषण निवारणासाठी सु. १,९२५ कोटी रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नागपूर येथे झाली. जलपर्यटनाचे भवितव्य या कामाच्या यशापयशाशी थेट निगडित आहे. कारण ज्या पाण्यावर नौका चालवावयाच्या ते पाणी सु. ८० किमी.वरील महानगराच्या गटारांतून येत असेल, तर काठावरील सुशोभनाने त्याचा दोष झाकला जात नाही.

अंभोरा : पवनीस येणारे बहुतेक प्रवासी जलाशयाच्या वरच्या टोकास असलेले अंभोराही पाहतात. हे नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात, भंडारा जिल्ह्याच्या सीमेवर आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा व कोलारी या पाच नद्यांचा येथे संगम मानतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. आद्य मराठी ग्रंथकार मुकुंदराज यांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथ यांची समाधी येथे दाखवितात. शके १११० (इ. स. ११८८) मधील विवेकसिंधु या ग्रंथाची रचना येथेच झाली, असे विदर्भातील परंपरा मानते, मराठवाड्यातील अंबेजोगाईकडेही तोच मान दिला जातो. संगमावर बांधलेला सु. ७०० मी. लांबीचा तारांनी तोललेला पूल २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच्या मनोऱ्यावर जलाशय पाहण्यासाठी सज्जा ठेवलेला आहे. या पुलाने दोन जिल्ह्यांतील अंतर कमी केले. पूर्वी ही ये-जा डोंग्यांनी किंवा मोठा वळसा घालून होत असे.

अभयारण्य : उमरेड–पवनी–कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले. क्षेत्रफळ सु. १८९ चौ. किमी. असून ते नागपूर व भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. पवनीच्या बाजूनेही प्रवेशाची सोय आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह व बांबू यांचे हे शुष्क पानझडी वन असून वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, गवा, नीलगाय, सांबर व चितळ हे येथील प्रमुख प्राणी होत. ताडोबा व नागझिरा या दोन व्याघ्रक्षेत्रांना जोडणारा दुवा म्हणून या लहान वनास महत्त्व आहे. ‘जय’ या नावाने प्रसिद्धी पावलेला वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून निघून, शेते, रस्ते व वैनगंगा ओलांडून येथे आला. त्याच्यामुळे अभयारण्याचे नाव देशभर झाले. त्याच्या गळ्यातील रेडिओ पट्ट्याचा संदेश एप्रिल २०१६ नंतर मिळाला नाही व त्यानंतर तो आढळला नाही. जयच्या प्रवासावरून नदीकाठची जंगले परस्परांना किती निकडीने जोडलेली आहेत, हे दिसून आले. धरणाचा उजवा कालवा मात्र याच वनपट्ट्यातून जातो. त्याच्या तीव्र उताराच्या सिमेंटच्या बाजूंमुळे आत पडलेल्या प्राण्यांना वर येणे कठीण होते. असे अपघात घडल्याने कालव्यावर ओलांडण्याच्या जागा करण्याची निकड पुढे आली.

पर्यटकांच्या वर्तनाचाही प्रश्न येथे उपस्थित झाला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी अभयारण्यातील एक वाघीण व तिचे पाच बछडे यांची वाट दोन्ही बाजूंनी आलेल्या पर्यटक वाहनांनी अडविली. वाहनचालक व मार्गदर्शक यांच्यावर वनखात्याने कारवाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये या घटनेची स्वतःहून दखल घेतली. वाघ दाखविण्याची हमी मागणारा प्रवासी व ती पुरी करण्याच्या दडपणाखालील मार्गदर्शक यांच्या संबंधातून असे प्रसंग उद्भवतात. वाघ दिसो वा न दिसो, वन पाहणे हाच भेटीचा हेतू असावा, अशी जाणीव रुजल्याखेरीज केवळ दंडाने हा प्रश्न सुटणारा नाही.

उद्योग व जनजीवन : पवनी येथील हातमागाचे कापड, विशेषतः बारीक सुताची धोतरे व काठांची लुगडी, एके काळी प्रसिद्ध होती. कोष्टी समाजाचा हा पिढीजात व्यवसाय यंत्रमागाच्या स्पर्धेत क्षीण झाला. भात सडण्याच्या गिरण्या, मासळी व भाजीपाल्याचा बाजार आणि तालुक्याच्या ठिकाणचा किरकोळ व्यापार ही आता उत्पन्नाची मुख्य साधने होत. भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ सुवासासाठी नावाजला असून त्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. येथील बोलीवर झाडीबोलीची छाप आहे. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडई व रात्रभर चालणारे दंडार, खडी गंमत व नाटके हे झाडीपट्टीचे खास लोकरंजन या भागात आजही टिकून आहे. हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यास घाट व जंगल यांइतकेच ते पाहण्यासारखे वाटते.

दळणवळण व सोयी : नागपूरहून उमरेड–भिवापूर मार्गे आणि भंडाऱ्याहून सरळ दक्षिणेस येणाऱ्या रस्त्याने पवनीस पोहोचता येते. दोन्ही मार्गांवर राज्य परिवहनाच्या गाड्या आहेत. नागपूर–नागभीड या अरुंदमापी लोहमार्गावरील वाहतूक रुंदमापीकरणासाठी २०१९ मध्ये थांबविण्यात आली. मुंबई–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड (वरठी) हे जिल्ह्यातील सोयीचे स्थानक होय. गावाचा जुना भाग, घाट, जवाहर दरवाजा व जगन्नाथ टेकडी एका दिवसात पायी पाहता येतात. धरण, रुयाड व अंभोरा यांसाठी वाहन लागते आणि अभयारण्यासाठी आणखी एक दिवस राखून ठेवावा लागतो. जगन्नाथ टेकडी व चांडकापूर येथे उघड्यावर फारसे शिल्प दिसत नाही. उत्खननातील वस्तू व पवनीचे शिल्पावशेष यांची कल्पना येण्यासाठी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयास भेट द्यावी.

पर्यटनविकास व त्यापुढील प्रश्न : जलाशयाचा विस्तार, अंभोऱ्याचा संगम व अभयारण्य यांची सांगड घालून शासनाने गोसेखुर्द येथे सु. १०० कोटी रुपयांचा जलपर्यटन प्रकल्प हाती घेतला आहे. नौकाविहार, जलक्रीडा, धक्के व निवासाच्या सोयी यांचा त्यात अंतर्भाव आहे. रोजगाराच्या अन्य संधी मर्यादित असलेल्या या तालुक्यात अशा प्रयत्नांचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. तथापि प्रकल्पाचा लाभ कोणाला मिळतो, यावरच त्याचे मोल ठरेल. ज्यांची गावे या पाण्याखाली गेली व ज्यांच्या डांगरवाड्या बुडाल्या, त्यांना नौका चालविण्याचा, मासळी विकण्याचा, घरी पाहुणे ठेवण्याचा व वाट दाखविण्याचा पहिला हक्क मिळाला, तर जलाशयाने हिरावलेल्यापैकी काही अंश परत मिळाल्यासारखे होईल. तो हक्क केवळ बाहेरून येणाऱ्या ठेकेदारांकडे गेला, तर त्याच पाण्याने त्याच माणसांना दुसऱ्यांदा विस्थापित केले, असा अर्थ होईल.

पुरातत्त्वीय अवशेषांकडेही तितकेच लक्ष देण्याची गरज आहे. तटाची माती वस्तीसाठी खणली जाणे, खंदक बुजणे व टेकड्यांच्या पायथ्याशी बांधकामे होणे यांमुळे अद्याप न उकरलेला पुरावा नष्ट होण्याची भीती असते. १९६९–७० च्या उत्खननाने गावाच्या केवळ काही भागांचे स्वरूप उघड केले. उरलेले अजून मातीखालीच आहे. नदी, जंगल व इतिहास ही तिन्ही अंगे इतक्या जवळ असलेली गावे महाराष्ट्रात मोजकीच आहेत. पवनीपुढील वैनगंगेत पुरेसे व स्वच्छ पाणी राहणे, ही तिन्हींच्या रक्षणाची पहिली अट होय.